वैद्यकीय विद्यार्थ्यांचं मत विचारून भागणार नाही

गेली काही दशकं जगभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एकाच साच्याची सर्वेक्षणं होत आली आहेत. विद्यार्थ्यांच्या हातात एक प्रश्नावली दिली जाते. होमिओपॅथी, अॅक्युपंक्चर, वनौषधी, योग, ध्यान, मालिश, कायरोप्रॅक्टिक (हातानं मणके-सांधे हाताळण्याची पद्धत) अशी पूरक उपचारांची नावं तिच्यात असतात आणि 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' यांपैकी एका चौकटीत खूण करायची असते. निष्कर्षही बरेचदा ठरल्यासारखेच येतात. बऱ्याच विद्यार्थ्यांची नजर या उपचारांकडे अनुकूल असते, त्यांना याबद्दल शिकायची इच्छा असते, आणि नेमकी माहिती मात्र फार थोड्यांकडे असते. शेवटी शिफारस येते: हा विषय अभ्यासक्रमात घ्या.

शिफारशीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तिच्यामागच्या गृहीतकाला. अनुकूल मत म्हणजे मोकळं मन आणि प्रतिकूल मत म्हणजे शास्त्रनिष्ठा, किंवा ज्याला जशी सोयीची तशी उलट मांडणी, असं धरून आपण मतांची सरासरी काढत बसतो. पण ज्याला माहितीच नाही त्याच्या मताची सरासरी काढून काय हाती लागणार? ज्या दोन गोष्टींवर पेशंटचं भलंबुरं ठरतं त्या या प्रश्नावलीत येतच नाहीत. या विद्यार्थ्याला एखाद्या उपचाराचा दावा तपासून पाहता येतो का? आणि समोर बसलेला पेशंट त्याच्याशी खरं बोलेल का?

एकाच यादीत घातलेल्या या उपचारांचं एकमेकांशी नातं तरी काय आहे? होमिओपॅथीत ३०सी लिहिलेलं औषध म्हणजे मूळ द्रव्य शंभरपट विरल करायची क्रिया तीस वेळा केलेली, म्हणजे एकावर साठ शून्यं इतकी विरलता. एका मोलमध्ये साधारण ६.०२ गुणिले १० चा तेविसावा घात इतके रेणू असतात हे विद्यार्थ्यानं बारावीआधीच पाठ केलेलं असतं. बाराव्या विरलीकरणानंतर मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यताही जवळपास संपते, हे त्याला कागदावर दोन ओळींत काढता येईल. दुसरीकडे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ साली कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत गोळ्यांच्या आधी शेक, मालिश, अॅक्युपंक्चर, योग आणि ध्यानाधारित पद्धतींचा विचार करायला सांगितलं आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाजवळच्या एका बिंदूला चेतना देण्याचा उपयोग होतो, असं चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनात दिसतं. या सगळ्यांना मिळून एकच गुण देणारा विद्यार्थी, मग तो दहापैकी नऊ देवो की एक, विचार करतो असं म्हणता येणार नाही.

आता पेशंटकडे वळू. १९९३ साली डेव्हिड आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका सर्वेक्षणाचे आकडे प्रसिद्ध केले. १९९० या वर्षात तीनांतल्या एका प्रौढानं रूढ वैद्यकाबाहेरचा कुठला ना कुठला उपचार घेतला होता, आणि तसा उपचार घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. १९९७ पर्यंत उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. पहिल्या आकड्याची चर्चा खूप झाली. मला तो ७२ चा आकडा जास्त अस्वस्थ करतो. न सांगण्याची कारणं अनेक असतील. डॉक्टरांनी विचारलंच नाही, विचारलं ते अशा सुरात की उत्तर गिळावं लागलं, किंवा त्यात सांगण्यासारखं काही आहे असं पेशंटला वाटलंच नाही. यांतलं शेवटचं कारण वगळलं तर बाकीची दोन्ही डॉक्टरच्या बाजूची आहेत, आणि ती विद्यार्थिदशेतच घडतात.

न सांगण्याची किंमत काय असते याचं सेंट जॉन्स वर्टइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. या वनस्पतीचा अर्क सौम्य ते मध्यम नैराश्यात प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरतो, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. म्हणजे ती काम करते. पण तिच्यातलं हायपरफोरिन हे द्रव्य यकृत आणि आतड्यातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमचं प्रमाण वाढवतं, आणि हे एन्झाइम असंख्य औषधं मोडून काढतं. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन नोंदी आल्या. झुरिकमध्ये हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांनी हा अर्क सुरू केला, शरीरानं नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन रक्तात घसरलं आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. दुसऱ्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या शरीरात इंडिनाविर या एचआयव्हीविरोधी औषधाचं एकूण प्रमाण निम्म्याहून खाली गेलं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही या अर्कानं कमी होऊ शकतो.

इथे दोन्ही टोकांचे विद्यार्थी सारखेच निरुपयोगी ठरतात. 'असल्या पाल्यानं काय होणार' म्हणणारा ते औषध विचारणार नाही. 'नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल' म्हणणारा विचारेल, पण ऐकून पुढे जाईल. पहिल्याच्या केस हिस्ट्रीत ती ओळ नसेल, दुसऱ्याच्या हिस्ट्रीत असेल पण तिच्यावरून निष्कर्ष निघणार नाही. सायक्लोस्पोरिनची पातळी का घसरली याचं कोडं दोघांनाही सुटणार नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत मोडायला ब्रसेल्समधली घटना पुरेशी आहे. १९९० च्या सुमाराला तिथे वजन कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या चिनी वनौषधींच्या मिश्रणात एका वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया मिसळली गेली. तरुण स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. १९९३ साली ही बाब प्रसिद्ध झाली, पुढे शंभराच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. त्यांच्यापैकी ज्या ३९ जणांनी निकामी झालेली मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून टाकायला संमती दिली, त्यांच्यातल्या १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग झालेला आढळला. २००४ साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांत विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली तेव्हा त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. कुठलीही परंपरा श्रेष्ठ की कनिष्ठ हे या आकड्यांवरून ठरत नाही. बाटलीत काय आहे हे तपासलं गेलं होतं का, एवढंच ठरतं. पण रक्तक्षय आणि पोटदुखी घेऊन आलेल्या पेशंटच्या बाबतीत शिशाची शंका यायला डॉक्टरच्या डोक्यात हे आधी असावं लागतं.

तुच्छतेबद्दल थोडं अधिक बोललं पाहिजे, कारण ती शास्त्रीय वृत्तीचा वेश घेऊन फिरते. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कुतूहलानं येतो. वॉर्डात राउंड सुरू असतो, पेशंट म्हणतो, "साहेब, मी मध्ये दुसरं औषध घेत होतो", आणि वरिष्ठ डॉक्टर विद्यार्थ्यांकडे पाहून किंचित हसतात. बस, धडा झाला. हा धडा कुठल्याही पुस्तकात नसतो, म्हणून तो तपासलाही जात नाही. विद्यार्थी हसायला शिकतो. का हसायचं ते शिकत नाही. त्यालाच विचारा की होमिओपॅथी निरुपयोगी कशावरून, तर रेणूंचा हिशोब तो मांडत नाही, चाचण्यांचा आढावाही सांगत नाही. "ते काही खरं नसतं" इतकंच म्हणतो. हे मत बरोबर असेलही, पण ते त्याचं नाही, उसनं आहे. उसनं मत घेतलेला डॉक्टर पुढे एखाद्या महागड्या, गाजावाजा झालेल्या नव्या औषधाबद्दलही तितक्याच सहजपणे दुसऱ्याचं मत उसनं घेईल.

या तुच्छतेला उत्तर म्हणून उत्साही मंडळी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांचं नाव पुढे करतात. ते योग्यच आहे, पण गोष्ट पूर्ण सांगितली तर. मलेरियावरच्या औषधाच्या शोधात त्यांच्या गटानं २,००० हून अधिक पारंपरिक नुस्खे धुंडाळले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० पेक्षा जास्त अर्क उंदरांवर तपासले. चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथात चिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून काढलेला रस प्यायला सांगितलं होतं. त्यावरून, उकळल्यानं गुण जात असावा, असं तू यूयूंना सुचलं. त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला. १९७१ साली तो गुणकारी ठरला, त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ साली नोबेल. परंपरेनं इथे अमूल्य सुगावा दिला, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्याच परंपरेतले कितीतरी अर्क त्याच प्रयोगशाळेत बाजूला पडले. त्यांची नावं कुणी सांगत नाही. सर्पगंधेचंही तसंच. उच्च रक्तदाबावर ती काम करते हे रुस्तुम वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पेशंटच्या नोंदींसह मांडलं तेव्हा जगानं लक्ष दिलं, आणि काही वर्षांनी तिच्यातल्या रेसरपिन या द्रव्याचे नैराश्यासारखे दुष्परिणामही तशाच नोंदींतून पुढे आले. तपासणीत पास झालेल्या द्रव्याचे दोष शोधायलाही तपासणीच लागली.

विद्यार्थ्यांना पुरावा वाचायला शिकवायचं असेल तर पूरक उपचारांच्या चाचण्यांइतकं उत्तम साहित्य क्वचितच मिळेल, असं माझं ठाम मत आहे. जर्मनीतली २००७ साली प्रसिद्ध झालेली कंबरदुखीवरची चाचणी घ्या. १,१६२ रुग्ण, सरासरी आठ वर्षं जुनं दुखणं. एका गटाला पारंपरिक बिंदूंवर अॅक्युपंक्चर, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम. सहा महिन्यांनंतर खऱ्या अॅक्युपंक्चरनं ४७.६ टक्के, खोट्यानं ४४.२ टक्के आणि रूढ उपचारांनी २७.४ टक्के लोकांना लक्षणीय आराम पडला.

हे तीन आकडे फळ्यावर लिहावेत आणि वर्गाला बोलू द्यावं. एक जण म्हणेल, सुया गोळ्यांच्या जवळपास दुप्पट सरस. दुसरा म्हणेल, खऱ्या सुया आणि खोट्या सुया सारख्याच, म्हणजे सगळं थोतांड. दोघांचेही आकडे बरोबर आहेत. मग खरा अभ्यास सुरू होतो. बिंदू कुठला याला महत्त्व नसेल तर त्या बिंदूंमागच्या सिद्धांताचं काय? रूढ उपचारांच्या गटातल्या लोकांना आपण कुठल्या गटात आहोत हे कळलेलं होतं, आणि आठ वर्षं ज्यानं फारसा गुण आला नाही तेच पुन्हा वाट्याला आलं म्हणून त्यांची निराशा झाली असेल का? सुया टोचणाऱ्यानं दिलेला वेळ, स्पर्श, अपेक्षा यांचा वाटा किती? आणि दुखणं कमी झालं असं पेशंट स्वतः सांगतो, त्या सांगण्याची किंमत किती धरायची?

त्या शेवटच्या प्रश्नासाठी २०११ ची दम्यावरची छोटी चाचणी शेजारी ठेवावी. त्याच रुग्णांना आळीपाळीनं श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या अल्ब्युटेरॉलचा पंप, औषध नसलेला पंप, खोटं अॅक्युपंक्चर आणि काहीच नाही, असं दिलं गेलं. बरं वाटण्याचं प्रमाण पहिल्या तिन्हींत जवळजवळ सारखं होतं, ४५ ते ५० टक्क्यांच्या घरात, आणि काहीच न देता २१ टक्के. पण फुप्फुसातून जोरानं बाहेर पडणारी हवा मोजली तेव्हा खऱ्या पंपानं ती २० टक्क्यांनी वाढली आणि उरलेल्या तिन्हींत सुमारे ७ टक्क्यांनी. पेशंट खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर बरं वाटत होतं. श्वासनलिका मात्र आवळलेल्याच होत्या. कंबरदुखीत बरं वाटणं हाच उपचाराचा बराचसा हेतू असतो, दम्यात तेवढ्यावर विसंबलं तर जीव जाऊ शकतो. हा फरक ज्याला कळला, त्याला पूरक उपचारांबद्दल काय वाटतं हे विचारायची गरजच उरत नाही. तो प्रत्येक वेळी विचारेल: कुठल्या आजारात, कशाच्या तुलनेत, काय मोजून?

हाच प्रश्न त्यानं आपल्या घरातही विचारला पाहिजे. २००२ साली गुडघ्याच्या संधिवातावरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची चाचणी प्रसिद्ध झाली. १८० रुग्णांपैकी काहींना नुसत्या त्वचेवर चिरा देऊन परत पाठवलं होतं. दोन वर्षांनंतर खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण त्यांच्यापेक्षा बरे नव्हते. तोवर ही शस्त्रक्रिया सर्रास होत होती, नामांकित शल्यविशारद ती करत होते, आणि पेशंटना बरं वाटत होतं. होमिओपॅथीच्या गोळ्यांना जी कसोटी लावतो ती दुर्बिणीला लावायला जो तयार नाही, त्याची चिकित्सक वृत्ती म्हणजे निव्वळ गटबाजी आहे.

मग इतक्या विद्यार्थ्यांना या उपचारांची ओढ का वाटते? अज्ञान हे एक कारण आहेच, पण तेवढंच नाही. आपल्या प्रशिक्षणात काय कमी आहे ते त्यांना दिसतं. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंट भेटींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा पेशंट आपली तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत असल्याचं दिसलं. ओपीडीतली गर्दी, अपुरी झोप, पेशंटला खाटेच्या क्रमांकानं ओळखणं, यांत वाढणाऱ्या संवेदनशील मुलामुलींना तासभर नीट ऐकून घेणारा उपचारक आकर्षक वाटला तर त्यांची चूक नाही. त्यांचं आकर्षण ही आपल्यावरची टीका आहे आणि ती निमूट ऐकून घेतली पाहिजे.

पण ऐकून घेणं ही सुयांची किंवा गोळ्यांची मालमत्ता नाही. हेही तपासलं गेलं आहे. २००८ साली टेड कॅपचुक यांच्या गटानं आतड्याच्या विकाराच्या, म्हणजे आयबीएसच्या, २६२ रुग्णांवर अभ्यास केला. एक गट नुसता प्रतीक्षायादीत, दुसऱ्याला जेमतेम बोलून खोटं अॅक्युपंक्चर, तिसऱ्याला तेच खोटं अॅक्युपंक्चर पण आपुलकीच्या, सविस्तर संवादासह. पुरेसा आराम पडल्याचं अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्क्यांनी सांगितलं. ४४ वरून ६२ वर नेणारी गोष्ट प्रत्येक डॉक्टरला शिकता येते, ती करायला कुठल्याही अप्रमाणित सिद्धांतावर विश्वास ठेवावा लागत नाही. सहानुभूती दुसऱ्यांकडे सोपवून स्वतः फक्त तपासण्या आणि चिठ्ठ्या लिहिणारं वैद्यक मला मान्य नाही. 'समन्वित' हे नाव दिल्यानं ती वाटणी चांगली ठरत नाही.

हे शिकवणार कोण, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या ११७ अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांपैकी ७५ मध्ये या विषयाचे काही ना काही तास होते. पुढे २००२ मध्ये तिथल्याच अशा अभ्यासक्रमांची तपासणी झाली. बहुतेक अभ्यासक्रम त्या त्या उपचारांचे पुरस्कर्ते शिकवत होते आणि उपचारांचा गुण शास्त्रीय कसोटीवर पाहण्यावर भर देणारे अभ्यासक्रम पाचातल्या एकाहूनही कमी होते. त्यात विषय ऐच्छिक असला की आवड असणारे वर्गात बसतात, नाक मुरडणारे बाहेर राहतात, आणि दोघंही होते तसेच पदवी घेऊन बाहेर पडतात. म्हणून मला हा विषय सक्तीचा हवा, वेगळा मात्र नको. वनौषधी आणि औषधांच्या परस्परक्रिया औषधशास्त्रात, चाचण्यांचं वाचन संशोधनपद्धतीत, विचारपूस वॉर्डात. त्या त्या पद्धतीचे जाणकार बोलवावेत, कारण उपचारक खोलीत नेमकं काय करतो हे त्यांनीच सांगावं. दाव्यांची छाननी मात्र त्यांच्यावर सोपवू नये.

अशानं या उपचारांना प्रतिष्ठा मिळेल, असा आक्षेप येतो. विषबाधा शिकवल्यानं विषाला प्रतिष्ठा मिळत नाही. प्रतिष्ठा मिळते ती न तपासता शिकवल्यानं, आणि गप्प राहिल्यानंही. अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, हा दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. पण वर सांगितलेल्यातलं बरंचसं नव्या तासांशिवाय जमतं. एन्झाइमचं प्रमाण वाढवणाऱ्या औषधांच्या यादीत रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या औषधाशेजारी सेंट जॉन्स वर्ट समजावून सांगायला किती वेळ लागतो?

कर्करोगाच्या बाबतीत हा सगळा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. २०१८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदींवरून दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगात रूढ उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. दुसरा अभ्यास जास्त विचार करायला लावणारा आहे. त्यात रुग्णांनी रूढ उपचारांबरोबर पूरक उपचार घेतले होते, तरीही त्यांचा धोका दुप्पट होता. कारण त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांनी केमोथेरपी आणि ५३ टक्क्यांनी रेडिएशन नाकारलं होतं, तर बाकीच्यांत हे प्रमाण दोन-तीन टक्के होतं. नाकारण्याचा हिशोब धरला की वाढीव धोका उरत नव्हता. म्हणजे हानी झाली ती टाळलेल्या उपचारांमुळे. माणूस रूढ उपचार अर्ध्यावर सोडायच्या बेतात आहे हे वेळेत कळलं असतं तर यातले काही जण वाचले असते, आणि ते कळण्याचा एकच मार्ग आहे: त्यानं आपल्याला सांगावं.

म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक केस अशी ठेवावी, असं मला वाटतं. स्तनाचा कर्करोग, सुरुवातीची अवस्था, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली. समोरची बाई म्हणते, "डॉक्टर, मी तीन महिने दुसरं औषध करून बघते, मग ठरवू." विद्यार्थ्यानं औषध कुठलं, त्यात काय आहे, कोण देतं हे विचारावं. शस्त्रक्रियेची भीती नेमकी कशाची वाटते हे विचारावं, आणि उत्तर संपेपर्यंत थांबावं. तीन महिने थांबण्याचा धोका आडपडदा न ठेवता सांगावा. बाटली घेऊन यायला सांगावं, आणि काहीही ठरलं तरी पुढची भेट नक्की करावी. जो हसेल तो नापास. "करून बघा, काही हरकत नाही" म्हणणाराही नापास. गुण देणाऱ्या परीक्षकांपैकी बऱ्याच जणांना हे कधी कुणी शिकवलेलं नसतं, तेव्हा अशी केस परीक्षेत घालण्याच्या आदल्या वर्षी त्यांचंच प्रशिक्षण करावं लागेल.